बडोद्यात पाहुण्यांसाठी भारीतलं हॉटेल घेताना नेमकं काय तपासायचं?

दांडियाबाजारकर

माघात घरचं लग्न आहे, कार्यालय कारेलीबागेत. पुणे, नागपूर आणि इंदूरहून येणाऱ्या मंडळींसाठी १४ खोल्या, दोन रात्री, वरच्या दर्जाच्या हॉटेलात घ्यायच्या आहेत. पाहुण्यांत सत्तरीपुढचे सात-आठ जण आहेत.

नेटवरचे अभिप्राय वाचून काहीच हाती लागत नाही. लॉबी सुंदर, स्टाफ नम्र, नाश्त्याला भरपूर प्रकार, असं सगळीकडेच लिहिलेलं असतं. खोलीत झोप लागेल का, पहाटे गरम पाणी येईल का, म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरात वावरता येईल का, हे कोणी लिहीत नाही.

माझ्या मते बडोद्यात आधी जागा बघावी आणि अलकापुरीला तोड नाही. स्टेशन हाकेवर, दुकानं-खाणावळी पायी अंतरावर. मग खोली, मग बाकीच्या सोयी. जाणकारांनी सांगावं. हॉटेलात प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय उघडून, चालवून, विचारून बघायचं?

स्टेशनपलीकडे

अलकापुरी चांगलीच आहे, पण तुमच्या कामाला नाही. ती रुळांच्या पश्चिमेला, कार्यालय पूर्वेला. मधे रेल्वे आणि विश्वामित्री दोन्ही. संध्याकाळी ७ वाजता नटूनथटून निघालेली वरात रुळांखालच्या गरनाळ्यात नाहीतर जेतलपूरच्या पुलावर अडकणार. स्टेशनची मुख्य इमारत आणि १ नंबर फलाट सयाजीगंजच्या बाजूला आहे. त्यामुळे पहाटेच्या गाडीने सामानासकट उतरणाऱ्यांना सयाजीगंज किंवा फतेगंज जास्त सोयीचं. विमानाने येणारे असतील तर विमानतळ हरणीला, म्हणजे तोही कारेलीबागेच्याच अंगाला.

नकाशावर किलोमीटर मोजू नका. कार्यक्रमाचा वार आणि निघायची वेळ घालून प्रवासाचा वेळ बघा. किलोमीटर तेवढेच असले तरी रविवारी दुपारी आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी लागणाऱ्या वेळात खूप फरक पडतो.

चिलरवाला

हॉटेलांच्या देखभालीचं काम करतो, म्हणून एसी आणि पाणी यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. या दोन गोष्टी बिघडल्या की बाकी सगळं फुकट जातं.

मोठ्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी मध्यवर्ती चिलर असतो आणि प्रत्येक खोलीच्या छतात फॅन कॉइल युनिट. चिलरचं गार पाणी पाइपातून या कॉइलमध्ये येतं आणि पंखा त्यावरून हवा फिरवतो. पहिला प्रश्न हा विचारा की व्यवस्था दोन पाइपची आहे की चार पाइपची. दोन पाइपमध्ये गार पाणी येतं आणि परत जातं, एवढंच. हिवाळ्यात खोली गरम करायची सोय त्यात सहसा नसते. चार पाइपमध्ये गरम पाण्याची जोडी वेगळी असते. तुमचं लग्न माघात आहे, बडोद्यात तेव्हा रात्री चांगली थंडी असते. खोलीत हीटिंग नसेल तर वृद्धांच्या खोल्यांसाठी ऑइल हीटर आणि जादा रजया आधीच मागून ठेवा. आयत्या वेळी प्रत्येक मजल्यावर दोनच हीटर निघतात.

खोलीत शिरल्यावर एसी २२ वर लावा, पंखा मधल्या वेगावर ठेवा आणि पंधरा मिनिटं तिथेच बसा. या वेळात तीन गोष्टी कळतात. कुबट वास येत असेल तर कॉइलखालच्या ट्रेमध्ये पाणी तुंबलंय किंवा फिल्टर महिनोन् महिने धुतलेला नाही. जाळीभोवतीच्या छतावर पिवळट डाग दिसला तर निचऱ्याची नळी कधीतरी भरून वाहिली आहे, आणि ती पुन्हा भरते. कर्रकर्र आवाज आला तर मोटरचं बेअरिंग गेलंय. त्या खोलीत रात्र काढणं अवघड.

आता पाणी. वॉशबेसिनचा गरम नळ पूर्ण सोडा आणि घड्याळ लावा. अर्ध्या-पाऊण मिनिटात गरम पाणी आलं तर ते पाइपांत सतत फिरतं ठेवणारी परतीची लाइन आणि तिचा पंप चालू आहे. दोन-तीन मिनिटं लागत असतील तर पंप बंद ठेवलाय किंवा लाइनच नाही. अशा हॉटेलात सकाळी ७ वाजता १४ खोल्यांतून एकदम आंघोळी सुरू झाल्या की शेवटच्या खोलीला कोमट पाणी येतं. गरम पाणी यायला लागलं की शॉवर चालू ठेवूनच फ्लश ओढा. शॉवरची धार एकदम मंदावली किंवा पाणी अचानक कढत झालं तर दाबाचा तोल बरोबर नाही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना ते धोक्याचं.

न्हाणीघरात गटाराचा वास आला तर घाबरू नका. बरेच दिवस बंद राहिलेल्या खोलीत जमिनीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि वास वर येतो. मगभर पाणी ओतून दहा मिनिटांनी परत बघा. वास गेला तर प्रश्न मिटला. तरीही येत असेल तर ती खोली घेऊ नका, पाइपातच दोष आहे.

दांडियाबाजारकर

चिलरवाला, फार मोलाचं लिहिलंत. दोन पाइप-चार पाइप हे कोणाला विचारायचं? रिसेप्शनवरच्या मुलांना माहीत असेल का?

चिलरवाला

नसतं. सेल्सच्या माणसाला सांगा की चीफ इंजिनिअरशी किंवा ड्यूटीवरच्या शिफ्ट इंजिनिअरशी दोन मिनिटं बोलायचंय. १४ खोल्यांचं गिऱ्हाईक म्हटल्यावर भेट घालून देतात. तिथेच विचारून घ्या की वीज गेल्यावर जनरेटरवर खोल्यांचे एसी आणि सगळ्या लिफ्ट चालतात की फक्त दिवे आणि एकच लिफ्ट.

गादी_चादर

हाउसकीपिंगच्या बाजूने लिहिते.

आधी पलंग. डबल म्हणजे साधारण ६ फूट बाय साडेसहा फूट. ट्विन म्हणजे दोन वेगळे सिंगल. काही ठिकाणी डबल मागितला की दोन सिंगल जोडून वरून एक चादर घालतात. दोन गाद्यांच्या मधोमध हात दाबून बघा, फट लगेच लागते. ती चालणार नसेल तर वर अखंड टॉपर, म्हणजे पातळ गादी, घालायला सांगा. उलट, बहिणी-बहिणी किंवा मामा-भाचे एकत्र राहणार असतील तर ट्विनच मागा आणि यादीत नावापुढे तसं लिहा. ट्विन खोल्या कमी असतात, त्या आधी संपतात.

ढेकूण महागड्या हॉटेलातही होतात, प्रवाशांच्या बॅगांबरोबर येतात. बघायची जागा ठरलेली आहे. डोक्याकडच्या कोपऱ्यातली चादर उचला, गादीच्या कडेची शिवण दोन बोटांनी उलटी करा आणि मोबाइलच्या टॉर्चने बघा. टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके ओळीने दिसले तर वेगळ्या मजल्यावरची खोली मागा, शेजारची नको. पलंगाच्या डोक्याकडचा फळा भिंतीला टांगलेला असतो, त्याच्या मागची फटही बघा.

आता वृद्धांचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या बांधणीच्या खोल्यांत टबमध्ये उभं राहून शॉवर घ्यावा लागतो. टबाची कड गुडघ्याला लागते आणि आतला तळ ओला, निसरडा. सत्तरीपुढच्यांना त्या खोल्या देऊ नका. काचेचं दार असलेला सपाट शॉवर मागा आणि तो चालवून पाणी कुठे वाहतं ते बघा. उतार चुकला असेल तर पाणी काचेखालून कमोडपर्यंत येतं आणि पायपुसणं भिजून जातं. भिंतीला धरायला दांडी आहे का ते बघा. टॉवेलच्या दांडीवर भार देऊ नये, ती निखळते. प्लास्टिकचं स्टूल, बादली आणि मग आधी सांगितलं की ठेवतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तेच बरं पडतं.

मकरपुऱ्याची

टबाबद्दल +१. बादली-मग लिहूनच मागावं, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं.

औषधांचा_डबा

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. पाहुण्यांत इन्सुलिन घेणारे कोणी आहेत का? खोलीतला छोटा फ्रिज आवाज होऊ नये म्हणून बऱ्याचदा कॉम्प्रेसर नसलेला असतो आणि तो घरच्या फ्रिजइतकं गार करत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. शिवाय काही खोल्यांत दाराशेजारच्या खाचेतून कार्ड काढलं की फ्रिजचा प्लगही बंद होतो. कार्ड काढा, दार लावा, दोन मिनिटांनी परत येऊन कार्ड न घालताच फ्रिजच्या आतला दिवा लागतोय का बघा. जास्त दिवसांचा साठा असेल तर नावाची चिठ्ठी लावून हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. फ्रीझरमध्ये ठेवू नका असं बजावून सांगा, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

हिशेबनीस

पैशांचं कोणीच बोललं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८ टक्के. ही सीमा ओलांडताना काय होतं बघा. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते. ७,६०० ची ८,९६८ ला. भाडं शंभराने वाढलं आणि हातातून १,०९३ जास्त गेले. १४ खोल्या, दोन रात्री म्हटल्यावर हा फरक ३०,६०४ रुपयांचा. त्यामुळे ८ हजारांच्या आसपासचा दर सांगत असतील तर साडेसातपर्यंत खाली येता का, हे जरूर बोला. बारा हजारांच्या खोलीत या घासाघिशीला अर्थ नाही.

कोटेशनवर "करासह" की "कर वेगळा" हे स्पष्ट लिहून घ्या. नाश्ता किती माणसांचा धरलाय तेही. भाडं बहुधा दोघांचं असतं. तिसऱ्याचा पलंग आणि त्याचा नाश्ता असे दोन खर्च वेगळे निघतात.

करारात खोल्या सोडायची शेवटची तारीख बघा. तोपर्यंत १४ पैकी किती खोल्या दंडाशिवाय परत करता येतील हे आकड्यात हवं. लग्नाला येणाऱ्यांतले दोन-तीन जण ऐनवेळी गळतात किंवा आत्याच्या घरी उतरतात.

बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तशाच आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्या मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या.

स्टेशनपलीकडे

हिशेबनीस, साडेसातच्या आत बसवण्यासाठी काही ठिकाणी नाश्ता बाहेर काढतात आणि वेगळा लावतात. मग १४ खोल्यांच्या २८ नाश्त्यांचं बिल वेगळं आणि त्यावर रेस्टॉरंटचा कर वेगळा. दोन्ही हिशोब मांडूनच होकार द्यावा.

हिशेबनीस

बरोबर. आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलात एखादी तरी खोली दिवसाला ७,५०० च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. वरच्या दर्जाच्या हॉटेलात तोच दर धरून चाला.

कोथरूडहून

आमच्याकडून येणाऱ्या मंडळींची एक शंका, जरा अवघड आहे पण विचारतो. गुजरातेत दारूबंदी आहे, मग मोठ्या हॉटेलात काय नियम असतो?

हिशेबनीस

राज्याबाहेरून आलेल्यांना ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट दाखवून तात्पुरता परवाना मिळतो. परवान्याचं दुकान मात्र सगळ्या हॉटेलांत नसतं, आधी विचारा. बाहेरून बाटली आणू नका. आणि स्थानिक यजमानांना त्या परवान्यावर पिता येत नाही, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असू द्या. लग्नघरात पोलिसांचं लचांड नको.

मांडव_आणि_मंगलाष्टकं

आवाजाबद्दल सांगते, कारण माघ म्हणजे हॉटेलांच्याही लग्नांचा मोसम. गुजरातेत डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता असतात, तेवढ्यात लग्नं होत नाहीत. ती संपली की साठून राहिलेली सगळी लग्नं एकदम सुरू होतात. तुमचं कार्य कारेलीबागेत असलं तरी पाहुणे झोपणार त्या हॉटेलच्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाचं लग्न असणार, हे गृहीतच धरा.

सेल्सवाल्याला सरळ विचारा की त्या दोन रात्री बँक्वेटला काय-काय आहे, हॉलमध्ये की लॉनवर. लॉनवर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद व्हायला हवा. बंद हॉलला त्या नियमात सूट आहे, त्यामुळे तिथला डीजे उशिरापर्यंत चालतो आणि त्याचा ठोका छतातून वरच्या मजल्यावर पोचतो. हॉलच्या वरचे दोन मजले टाळा. स्वयंपाकघराच्या धुराड्याची आणि जनरेटरची बाजूही टाळा. खिडकी उघडून खाली बघितलं की दोन्ही दिसतात.

स्टेशनजवळच्या हॉटेलात गाडीच्या भोंग्याचा प्रश्न असतो. खिडकीला दुहेरी काच आहे का ते बघायला मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवा. चार प्रतिबिंबं दिसली तर दुहेरी, दोन दिसली तर एकेरी. मग खिडकी बंद करून चौकटीच्या कडेने हात फिरवा. वारा लागला तर तिथूनच आवाजही येतो, काच कितीही जाड असो.

कारेलीबागकर

लिफ्टचं कोणी बोललं नाही. सकाळी ९ ते १० मध्ये नाश्त्याला उतरणारे, खोल्या सोडणारे आणि सामानाच्या ट्रॉल्या एकत्र येतात. सात-आठ मजल्यांना दोनच लिफ्ट असतील तर वृद्धांच्या खोल्या खालच्या मजल्यावर मागा. म्हणजे गरज पडलीच तर जिन्याने उतरता येतं. आणि जिन्याचं दार स्वतः ढकलून बघा. आगीच्या वेळी वापरायच्या दाराला कडी घातलेली किंवा मागे जादा गाद्या रचलेल्या दिसल्या तर ते हॉटेल यादीतून काढून टाका. इथे तडजोड नको.

पूररेषा

जागेबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अंतर तर बघाच, पण इमारतीचं तळघरही बघा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि सयाजीगंज, फतेगंज, अकोट्यापर्यंत पाणी आलं होतं. ज्या इमारतींत विजेचं मुख्य पॅनल, पाण्याचे पंप आणि जनरेटर तळघरात आहेत तिथे पाणी शिरलं की सगळंच एकदम बंद पडतं. पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी म्हणजे लिफ्ट नाही. पॅनल आणि जनरेटर जमिनीच्या वर, उंच ओट्यावर असतील तर तेच हॉटेल दोन दिवस सहज तग धरतं. माघात पुराची भीती नाही, पण हा धागा पुढे आषाढ-श्रावणात कोणीतरी वाचेल म्हणून लिहून ठेवलं.

दांडियाबाजारकर

फारच उपयोगी. अलकापुरीचा हट्ट सोडला. पोहायचा तलाव, जिम, नाश्ता यांना किती महत्त्व द्यावं? मुलं दहा-बारा आहेत.

गादी_चादर

तलाव असेल तर काठावर उभं राहून खोल टोकाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघा. दिसत नसेल तर पाणी गढूळ आहे, मुलांना उतरवू नका. डोळे चुरचुरतील इतका क्लोरीनचा वास म्हणजे स्वच्छता असं लोक समजतात, तसं नाही. घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन क्लोरीनचा जो भाग वाया गेलेला असतो त्याचा तो वास. काठावर रोजच्या तपासणीची नोंदवही असते, ती मागा. त्यात पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम असावा. माघात पाणी गार असतं, गरम करायची सोय आहे का तेही विचारा. नसेल तर तलावासाठी जादा भाडं देऊ नका.

लिलो_मसालो

नाश्त्याला वीस प्रकार असले तरी पुण्याची मंडळी दुसऱ्या दिवशी सेव उसळच शोधणार. गरम तरी, वर मूठभर सेव, लिलो मसालो म्हणजे हिरवा मसाला, आणि पाव. बडोद्यात येऊन ती न खाता जाऊ देऊ नका.

बुफेचंच बघायचं तर सुरू झाल्या झाल्या बघू नका, संपायच्या अर्धा तास आधी जा. झाकण उघडल्यावर वाफ यायला हवी, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिले पाहिजेत. तेव्हाही इडली ओली आणि उपमा मोकळा असेल तर स्वयंपाकघर थोडं-थोडं करून ताजं पाठवतंय. ट्रे काठोकाठ भरलेला आणि वर साय धरलेली असेल तर सगळं पहाटेच करून ठेवलंय.

कोथरूडहून

आणि मधल्या मोकळ्या वेळात लक्ष्मी विलास पॅलेस बघता येईल ना?

लिलो_मसालो

सोमवार सोडून. सोमवारी बंद असतो. शिवाय कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघा, तिथे गर्दीही कमी असते.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचं वाचून हॉटेलांना पाठवायच्या पत्राचा मसुदा केलाय: "१४ खोल्या, त्यांपैकी ५ ट्विन. ४ खोल्या वृद्धांसाठी, खालच्या मजल्यावर, सपाट शॉवर, हीटर, स्टूल, बादली-मग. बँक्वेटच्या वरचे दोन मजले नकोत. दर करासह, नाश्त्यासह. ३ खोल्यांपर्यंत दंडाशिवाय रद्द करायची मुभा आणि त्याची तारीख. खोल्यांचे नंबर आत्ताच नक्की करून कळवावेत." काही राहिलं का?

गादी_चादर

खोल्यांचे नंबर एवढे आधी कोणी देत नाही, आदल्या मुक्कामातला पाहुणा ऐनवेळी राहून जातो. नंबरांऐवजी मजला, बाजू आणि खोलीचा प्रकार लिहून घ्या. नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून घ्या आणि वृद्धांच्या चार खोल्या पाहुणे पोचण्याआधी घरातल्या कोणीतरी जाऊन उघडून बघा.

अजून एक. रात्रीच्या गाड्या पहाटे पोचतात आणि खोली मिळते दुपारी २ नंतर. लवकर खोली "उपलब्ध असल्यास" एवढ्यावर विसंबू नका. आदल्या रात्रीपासून दोन खोल्या जास्तीच्या घेऊन ठेवा, एक बायकांना आणि एक पुरुषांना. तोंड धुणं, आंघोळ, चहा तिथे होतो आणि बाकीच्या खोल्या सावकाश ताब्यात घेता येतात.

चिलरवाला

बघायला सकाळी ११ ते १ मध्ये जा. आधीचे पाहुणे गेलेले असतात, नवे आलेले नसतात, त्यामुळे सजवून ठेवलेल्या नमुन्याच्या खोलीऐवजी हव्या त्या मजल्यावरच्या तीन-चार खोल्या उघडून मागता येतात. त्यातली एक कॉरिडॉरच्या अगदी टोकाची मागा. पाण्याचा दाब आणि एसीचा जोर सगळ्यात आधी तिथेच कमी पडतो.

दांडियाबाजारकर

उद्याच सयाजीगंजातली दोन आणि फतेगंजातलं एक बघून येतो. टॉर्च, घड्याळ आणि चिलरवाल्यांचा प्रतिसाद सोबत असेल. काय आढळलं ते इथेच लिहीन.